परदेशी नागरिकत्वाची शपथ घेण्यापूर्वी

परदेशात अनेक वर्षे वास्तव्य केलेल्या भारतीय नागरिकाने त्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज करावा का, या प्रश्नाची चर्चा बहुतेक कुटुंबांत पात्रतेची वर्षे, अर्जाचे शुल्क आणि परीक्षेची तयारी यांभोवती फिरते. त्याच अर्जामुळे भारतातील कायदेशीर स्थान कोणत्या दिवशी आणि किती बदलणार आहे, याकडे लक्ष जाते ते शपथविधी पार पडल्यावर, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज भरायला बसल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारताचा जो नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्या संपादनाबरोबरच संपुष्टात येते. त्यासाठी कोणताही आदेश निघावा लागत नाही, आणि पासपोर्ट जमा केलेला असण्याचीही अट नाही. पासपोर्ट कपाटात सुरक्षित राहतो, त्याची मुदतही शिल्लक असते, पण तो ज्या नागरिकत्वाचा पुरावा होता ते उरलेले नसते. संसदेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले, त्यामुळे हा विषय आता मूठभर कुटुंबांपुरता राहिलेला नाही.

दुहेरी नागरिकत्व म्हणजे एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन राष्ट्रांनी आपला नागरिक मानणे. आपले नागरिक कोण हे प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्या कायद्याने ठरवायचे, हे तत्त्व १९३० च्या हेग करारात नमूद झाले, आणि दोन नागरिकत्वे असलेल्या व्यक्तीला त्यांपैकी प्रत्येक राष्ट्र आपलाच नागरिक समजू शकते, तसेच तिच्या वतीने एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध राजनैतिक संरक्षणाचा दावा करू शकत नाही, हेही त्याच करारात आले. याचा व्यावहारिक अर्थ असा की दुहेरी नागरिकत्व कोणा एका सरकारच्या मर्जीने मिळत नाही. दोन्ही कायद्यांनी त्याला वाट दिली तरच ते टिकते, आणि दोहोंपैकी एकाने दार लावले की दुसऱ्याच्या उदारपणाचा उपयोग होत नाही. कॅनडाने १९७७ पासून, ऑस्ट्रेलियाने २००२ पासून आणि जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपल्या कायद्यात एकाहून अधिक नागरिकत्वांना मोकळीक दिली आहे, ब्रिटनचा कायदाही जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही, आणि अमेरिकेच्या शपथेत पूर्वीच्या सर्व निष्ठांचा त्याग शब्दशः उच्चारावा लागत असला तरी अमेरिकी सरकार जुना पासपोर्ट परत करण्याची मागणी करत नाही. जर्मनीच्या सुधारणेनंतर तेथील भारतीयांमध्ये आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील असा समज पसरला, तो याच गोंधळातून. जर्मनीने जी अट काढली ती जर्मनीची होती. भारताचे कलम ९ जागच्या जागीच आहे.

या कलमातील कळीचा शब्द ‘स्वेच्छेने’ हा आहे. जन्माने, म्हणजे स्वतःची कोणतीही कृती नसताना, मिळालेले दुसरे नागरिकत्व या कलमाच्या कक्षेत येत नाही. अर्ज करून, नोंदणी करून किंवा शपथ घेऊन मिळवलेले येते. एखाद्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे का, केव्हा आणि कसे, असा वाद निर्माण झाल्यास त्याचा निर्णय केंद्र सरकार करते, आणि त्यासाठीच्या नियमांत परदेशाचा पासपोर्ट काढणे हा त्या तारखेपूर्वी तेथील नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला गेला आहे. हा नियम घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच फेटाळला. त्यामुळे ‘पासपोर्ट काढला, पण मनाने भारतीयच आहे’ हा युक्तिवाद कितीही प्रामाणिक असला तरी कायद्याच्या दरबारात त्याला किंमत नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा म्हणून कायम वास्तव्याचा परवाना आणि नागरिकत्व यांतील अंतर नीट समजून घेणे आवश्यक ठरते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड, ब्रिटनचा अनिश्चित काळ राहण्याचा परवाना किंवा कॅनडा व ऑस्ट्रेलियाचा पीआर दर्जा मिळाल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही, आणि नोकरी, व्यवसाय, घरखरेदी व मुलांचे शिक्षण यांपैकी बहुतेक गोष्टी त्या परवान्यावर चालतात. परवान्याला उणिवा मात्र आहेत. अमेरिकेबाहेर वर्षभराहून अधिक काळ राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते, आणि भारतातील वृद्ध आईवडिलांच्या आजारपणासाठी दीर्घकाळ परतावे लागणाऱ्यांना हीच अट सर्वाधिक जाचते. नागरिकाला ती अट नसते, त्याला मतदानाचा हक्क मिळतो, हद्दपारीची भीती राहत नाही, आणि २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिक आपल्या आईवडिलांसाठी वार्षिक कोट्याच्या बाहेर राहून ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो, जो ग्रीन कार्डधारकाला करता येत नाही. ज्यांचा उर्वरित आयुष्याचा मुक्काम निश्चित नाही, निवृत्तीनंतर नाशिक किंवा सांगलीला परतण्याचा विचार ज्यांच्या मनात खरोखर पक्का आहे, त्यांनी परवान्यावर थांबणे हा कमकुवत पर्याय समजण्याचे कारण नाही. पतिपत्नींपैकी एकाने नागरिकत्व घ्यायचे आणि दुसऱ्याने भारतीय राहायचे, ही व्यवस्थाही कायद्याला पूर्णपणे मान्य आहे.

अर्ज करण्याचे ठरल्यावर पात्रतेचा खरा हिशोब वर्षांपेक्षा दिवसांत करावा लागतो. नागरिकीकरण, म्हणजे परदेशी व्यक्तीने ठरावीक वास्तव्यानंतर अर्जाने नागरिक होणे, यासाठी अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे ५ वर्षे, आणि अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन एकत्र संसार सुरू असल्यास ३ वर्षे लागतात. पाच वर्षांच्या अटीत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत घालवलेले असावे लागतात, आणि सहा महिन्यांहून लांबलेली एकच फेरी सलग वास्तव्य खंडित झाल्याचा संशय निर्माण करते. अर्ज मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस देशात हजर असावे लागते, ज्यात पीआर मिळण्यापूर्वी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि अशा दिवसांची कमाल मर्यादा ३६५ असते. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेले चालत नाही, शिवाय ब्रिटिश नागरिकाचा जोडीदार नसलेल्या अर्जदाराने कायम वास्तव्याचा परवाना हाती येऊन बारा महिने झालेले असावे लागतात. ऑस्ट्रेलियात चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, त्यातील शेवटचे वर्ष पीआर म्हणून, अशी मांडणी आहे. जर्मनीत २०२४ पासून आठाऐवजी पाच वर्षे पुरतात.

या सर्व हिशोबांसाठी एकच सवय उपयोगी पडते, ती म्हणजे परदेशात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक आगमन व प्रस्थानाची तारीख नोंदवून ठेवणे. अनेक ठिकाणी पासपोर्टवर शिक्के उमटवण्याची पद्धत बंद झाल्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या फेरीची तारीख पुढे ईमेल उपसूनच शोधावी लागते. अर्जातील माहिती आणि सीमेवरील सरकारी नोंद यांत तफावत निघाल्यास ती विसरभोळेपणा मानली जाईलच असे नाही. वाहतूक नियमभंग, जुनी अटक, उशिरा भरलेली विवरणपत्रे या बाबी क्षुल्लक वाटल्या तरी विचारल्या असतील तर सांगाव्यात, कारण मूळ गोष्टीपेक्षा ती लपवणे अर्जाला अधिक घातक ठरते, आणि खोट्या माहितीवर मिळालेले नागरिकत्व नंतर रद्दही होऊ शकते.

परीक्षांची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. ब्रिटनच्या ‘लाइफ इन द यूके’ चाचणीत ४५ मिनिटांत २४ प्रश्न असतात आणि १८ बरोबर यावे लागतात. जर्मनीत ३३ पैकी १७ पुरतात, अडचण येते ती बी-वन पातळीच्या जर्मन भाषेची. अमेरिकेत २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांच्या संचातून २० तोंडी प्रश्न विचारले जातात व त्यांपैकी १२ ची उत्तरे बरोबर हवीत. महाराष्ट्रातील दहावी-बारावीच्या मुशीतून गेलेल्याला यात अवघड असे फारसे काही नाही.

मराठी अर्जदाराची खरी दमछाक होते ती कागदपत्रांत, आणि त्यातही नावात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली त्रिपदी पद्धत परदेशी अर्जांच्या रकान्यांत बसत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, पासपोर्टवर वडिलांचे नाव दिलेल्या नावाला जोडले जाते, आणि लग्नानंतर पहिले नावही बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत जन्मदाखला, पदवी आणि पासपोर्ट ही तीन वेगळ्या व्यक्तींची कागदपत्रे भासू शकतात. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावबदलाचे राजपत्र आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र ही साखळी अर्जाआधीच जुळवून ठेवावी. १९८० च्या आधी जन्मलेल्या अनेकांच्या जन्मनोंदीत बाळाचे नावच लिहिलेले नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते; खेड्यात घरी झालेल्या जन्माची नोंद झालेलीच नसणे हेही सर्रास आढळते. नोंद असून नाव नसेल तर महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे नाव घालून घेण्याचा प्रयत्न करावा, आणि नोंदच नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला घेऊन त्याला जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. ही प्रतिज्ञापत्रे देऊ शकणारी पिढी वयस्कर असते, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

मराठीतील दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर लागते, आणि काही देश त्यावर ॲपोस्टिलही मागतात; ॲपोस्टिल म्हणजे एका देशाचे सरकारी कागद दुसऱ्या देशात खरे मानले जावेत यासाठी आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे लावलेला शिक्का. भारत या करारात २००५ पासून आहे व भारतात तो परराष्ट्र मंत्रालयाकडून लावला जातो. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून सामील झाल्यामुळे तेथील कामांसाठी पूर्वीची दूतावासातील फेरी वाचली आहे.

काही देश, उदाहरणार्थ सिंगापूर, ऑस्ट्रिया आणि जपान, सर्वसाधारण नियम म्हणून जुने नागरिकत्व सोडायलाच लावतात. अशा ठिकाणी बहुधा अर्जाला आधी तत्त्वतः मान्यता मिळते आणि मग भारतीय नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो; तो मिळवण्याचा मार्ग कलम ८ मध्ये आहे, ज्यानुसार सज्ञान नागरिक विहित घोषणापत्र देऊन नागरिकत्वाचा त्याग करतो. तत्त्वतः मान्यतेचे पत्र हाती येण्याआधी ही घोषणा करणे म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेली, राष्ट्रविहीन अवस्था ओढवून घेणे होय. कलम ८ आणि कलम ९ यांतील फरक केवळ पुस्तकी नाही, कारण मुलांच्या बाबतीत त्याचे परिणाम वेगळे होतात. कलम ८ खाली त्याग करणाऱ्याच्या अज्ञान मुलाचेही भारतीय नागरिकत्व जाते, परंतु त्या मुलाला सज्ञान झाल्यापासून एका वर्षात घोषणा करून ते परत मिळवता येते. आईवडिलांचे नागरिकत्व कलम ९ खाली आपोआप संपले असेल तर मुलाला हा हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरशी संबंधित एका प्रकरणात दिला. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेले, आईवडिलांजवळ राहणारे १८ वर्षांखालील मूल पालकाच्या शपथेबरोबर अमेरिकी कायद्याने आपसूक नागरिक होते. अशा मुलाचा भारतीय पासपोर्टही पालकांच्या पासपोर्टबरोबरच जमा करावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

परदेशात जन्मलेल्या मुलाची स्थिती आणखी निराळी आहे. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेले भारतीय आईवडिलांचे मूल वंशपरंपरेने भारतीय नागरिक व्हायचे असेल तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचा अमेरिकी पासपोर्ट काढल्यावर ही वाट बंद होते. भारतीय कायद्यात दोन नागरिकत्वे काही काळ शेजारी नांदू शकतात ती नेमकी वंशपरंपरेच्या नागरिकत्वाविषयीच्या एका पोटकलमात: वंशपरंपरेने भारतीय असलेले आणि दुसऱ्याही देशाचे नागरिक असलेले मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडत नसेल, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते.

शपथविधीची तारीख मिळाल्यावर भारताची तिकिटे त्याच महिन्याची काढू नयेत. शपथ घेतल्यापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, नव्या देशाचा पासपोर्ट येण्यास वेळ लागतो, आणि तो आल्यावरही भारतात प्रवेशासाठी व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. त्याआधीचा टप्पा म्हणजे भारतीय पासपोर्ट वकिलातीकडे किंवा तिने नेमलेल्या सेवा केंद्राकडे देऊन तो रद्द करून घेणे आणि नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र, ज्याला रूढ भाषेत सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात, ते मिळवणे. रद्द केलेला पासपोर्ट शिक्का मारून परत मिळतो. तो आणि हे प्रमाणपत्र आयुष्यभर जपून ठेवावे, कारण मुले आणि नातवंडे आपले भारतीय मूळ सिद्ध करतील ती याच कागदांवर. जुना पासपोर्ट गुपचूप वापरत राहण्याचा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक शहरात भेटतात. भारतातून निघताना इमिग्रेशन अधिकारी भारतीय पासपोर्टवर गंतव्य देशाचा व्हिसा पाहतो, आणि तो नसला की सगळे उघडे पडते. शिवाय असा वापर पासपोर्ट कायद्याखाली कारवाईला पात्र असतो, ज्याची सावली पुढे ओसीआयच्या अर्जावर पडते.

ओसीआय कार्ड हे या विषयातील सर्वाधिक गैरसमज झालेले प्रकरण आहे. २००० मध्ये नेमलेल्या आणि २००२ च्या जानेवारीत अहवाल देणाऱ्या एल. एम. सिंघवी समितीने दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात कायद्यात आले ते ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावाचे, पण नागरिकत्वाचा गाभा वगळलेले स्थान. २००५ पासून ते सर्व देशांतील भारतीय वंशाच्या लोकांना, पाकिस्तान व बांगलादेशाशी नागरिकत्वाचे नाते असलेले वगळता, खुले झाले. ९ जानेवारी २०१५ रोजी भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीची जुनी पीआयओ कार्ड योजना त्यातच विलीन झाली. या कार्डाने भारतात कितीही वेळा येण्याचा आजीवन व्हिसा मिळतो, पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, आणि आर्थिक व शैक्षणिक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीचे स्थान मिळते. मतदान, निवडणूक लढवणे, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा न्यायाधीश होणे आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी हे हक्क मिळत नाहीत. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण आणि संरक्षित क्षेत्रांत प्रवेश यांसाठी विशेष परवानगी लागते, आणि वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशात कार्डधारक मुले अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवर येतात, केवळ भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर नव्हे. मुलाला भारतात डॉक्टर करण्याचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही अट नागरिकत्वाच्या अर्जाआधी वाचलेली बरी. कार्ड फसवणुकीने मिळवलेले असल्यास किंवा कायद्यात सांगितलेल्या अन्य कारणांनी सरकार ते रद्दही करू शकते, अर्थात बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर. वयाच्या विसाव्या वर्षानंतर पहिला नवा पासपोर्ट निघाल्यावर कार्ड एकदा पुन्हा काढावे लागते.

शेतजमिनीचा मुद्दा महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. परकीय चलनविषयक २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक दोघांनाही भारतात घर किंवा दुकान घेता येते, परंतु शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. म्हणजे परदेशात असेपर्यंत नागरिकत्व बदलल्याने या बाबतीत फारसा फरक पडत नाही. फरक जाणवतो तो परतल्यावर. भारतीय नागरिक राहून परतलेला माणूस, तो महाराष्ट्राच्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी असेल तर, पुन्हा शेतजमीन घेऊ शकतो, तर ओसीआय कार्डाच्या सवलतींतून शेतजमीन वगळलेलीच आहे. वडिलोपार्जित जमीन मात्र जात नाही. भारतात राहताना स्वतः धारण केलेली किंवा निवासी व्यक्तीकडून वारसाहक्काने आलेली शेतजमीन बाळगता येते, विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकता येते, आणि तिथे पुन्हा राज्याचा शेतकरी खरेदीदाराचा नियम लागू होतो. यातील बारकावा असा की वारसाहक्काने आलेली शेतजमीन चालते, पण बक्षीसपत्राने दिलेली चालत नाही; पुढे भावाबहिणींत वाद नको म्हणून हयातीतच परदेशस्थ मुलाच्या नावे जमिनीचे बक्षीसपत्र करणाऱ्या वडिलांना हे ठाऊक नसते. त्यांनी मृत्युपत्र करावे. आजोबांच्या निधनानंतरची वारसनोंद राहून गेली असेल तर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव येईपर्यंतचे काम शपथेआधीच, भारतीय पासपोर्ट व आधार यांवरील नाव एक असताना, उरकणे सोयीचे असते. परदेशातून पाठवलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हेही मुदतीतच पाळलेले चांगले.

कर आणि बँक यांबाबत नागरिकत्व बदलल्याने भारतात तुलनेने कमी उलथापालथ होते, कारण भारतीय आयकर प्रामुख्याने वास्तव्याच्या दिवसांवर ठरतो. बँकांना नवा पासपोर्ट कळवावा, आणि मतदार यादीतील नाव नमुना ७ भरून वगळून घ्यावे. अमेरिकेचे मात्र निराळे आहे. ती आपल्या नागरिकांवर, ते जगात कुठेही राहोत, जागतिक उत्पन्नाचा कर आकारते, परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर त्याची माहिती मागते, आणि भारतीय म्युच्युअल फंडांवर किचकट व महागडी आकारणी करते. ग्रीन कार्डधारकालाही हे लागू असते, परंतु ग्रीन कार्ड परत करून त्यातून बाहेर पडता येते, नागरिकाला पुण्यात निवृत्त आयुष्य घालवतानाही दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते.

गोव्याचा प्रश्न या सर्वांहून वेगळ्या इतिहासातून आलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथे जन्मलेल्या, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तेथे जन्मले होते अशा लोकांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले गेले, आणि पूर्वीचे नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्यांना तसे कळवण्यासाठी एका महिन्याची मुदत दिली गेली. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या करारात. पोर्तुगालचा कायदा मात्र मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आजही जन्मतः पोर्तुगीज मानतो, आणि लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात त्यांचा जन्म नोंदवला की त्यांच्या मुलांनाही ती वाट खुली होते. पोर्तुगीज पासपोर्टवर हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन आणि साउथॉलमध्ये, स्थायिक झाले. ब्रेक्झिटनंतर, ३१ डिसेंबर २०२० पासून, नव्याने जाणाऱ्यांसाठी ते दार बंद झाले असले तरी युरोपातील अन्य देश खुले आहेत.

इथे प्रश्न असा निर्माण होतो की लिस्बनमध्ये जन्म नोंदवणे म्हणजे जन्मापासून असलेल्या नागरिकत्वाची केवळ मान्यता, की कलम ९ मधील स्वेच्छेने केलेले संपादन. पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने ती मान्यता आहे. भारतीय बाजूने हा प्रश्न वारंवार वादग्रस्त ठरला आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट हाती घेतल्यावर हा वाद बहुतांशी संपतो, कारण वर सांगितलेला निर्णायक पुराव्याचा नियम लागू होतो. म्हणून गोव्यातील ज्या व्यक्तीला सरकारी नोकरी टिकवायची आहे, पंचायतीची निवडणूक लढवायची आहे किंवा भारतीय पासपोर्ट वापरत राहायचा आहे, तिने मुलांच्या सोयीसाठी म्हणून स्वतःची लिस्बन नोंद करण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा, आणि नोंदीपलीकडे जाऊन ओळखपत्र वा पासपोर्ट काढण्याचे टाळावे. कागदपत्रांची अडचण इथेही नावाचीच असते: प्रभू जुन्या नोंदीत पोरोब होतो, शेणै सिनाय होतो, कामत कामोतिम होतो, आणि त्याच माणसाच्या भारतीय दाखल्यावर यांपैकी कोणतेच रूप नसते.

भारतीय नागरिकत्व पुन्हा मिळवणे अशक्य नाही. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेली सज्ञान व्यक्ती अर्जापूर्वी बारा महिने भारतात सर्वसाधारणपणे वास्तव्य करून असेल तर कलम ५ खाली नोंदणीने भारतीय नागरिक होण्यासाठी अर्ज करू शकते. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे व पुढे केंद्राकडे जातो, त्यास वेळ लागतो, आणि मंजुरीपूर्वी निष्ठेची शपथ घेऊन परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकी नागरिकाच्या बाबतीत त्या त्यागासाठीही वकिलातीत स्वतंत्र मुलाखत द्यावी लागते आणि त्या देशाचे कराचे हिशोब चुकते करावे लागतात.